वल्लरीच्या दोन पुढच्या

जून आला की माझ्या केंद्रात येणारी प्रत्येक आई आधी पंख्याखालची खुर्ची धरते आणि मग म्हणते, "सर, आमचं काही ठरतच नाहीये हो." ज्याचं ठरायचं असतं ते पोर बाजूला नखं कुरतडत बसलेलं असतं. वडील खाली गाडी लावायला जागा शोधत असतात आणि ती सापडली तरी वर येत नाहीत. कित्येक वर्षं हेच बघतोय. कंटाळलो म्हटलं की बायको म्हणते, मग सोडा. सोडून काय करू? खाली भडंगाचं दुकान आहे, तिथं चुरमुरे भाजत बसू?

माझं केंद्र सांगलीत, विश्रामबागेत, त्या भडंगाच्या दुकानाच्या बरोब्बर वर. पाटीवर 'अग्रदर्शी प्रवेश मार्गदर्शन' असं भारदस्त लिहिलंय, पण रिक्षावाल्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्याला 'पुढच्याचं मशीन' म्हणतात. येणाऱ्या प्रत्येकाला ते काय आहे हे पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगून सांगून तोंड दुखतं, तरी तुम्हालाही सांगतो.

नववीत गेल्यावर प्रत्येक पोराला शाळेतून अभ्यासपाटी मिळते. ती घरात कुठंतरी पडलेली असते आणि ऐकत असते. पोर कुठं अडतंय, कशानं चिडतंय, कशानं खुलतंय, कुणाशी कसं वागतंय, हे ती त्याच्या बोलण्यावरून समजून घेते. बारावीपर्यंत इतकं बोलणं जमा होतं की त्यावरून त्या पोराच्या स्वभावाचा नमुना बांधता येतो. नमुना म्हणजे गणितच. अमुक प्रसंग आला तर हा माणूस काय करील, काय म्हणेल, याचा बऱ्यापैकी बरोबर अंदाज देणारं गणित. दुसऱ्या बाजूला कॉलेजांकडं जुन्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यांची माहिती असते. नोकऱ्या, बदल्या, लग्नं, दुखणी, सगळं काही, फक्त नावं काढून टाकलेली. मशीन तो नमुना त्या वाटेवर सोडतं. हजारो वेळा सोडतं, दरवेळी नशीब थोडं इकडंतिकडं करून. त्यातून जे आयुष्य सगळ्यात जास्त वेळा निघतं ते उचलतं, आणि त्यातलं चाळिशीला टेकलेलं माणूस पडद्यावर आणून बसवतं. चेहरा अंदाजपंचे असतो. बोलणं मात्र ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतं. पोरं त्याला 'माझा पुढचा', 'माझी पुढची' म्हणतात. दोन कॉलेजांत अडकलेल्या पोरानं आपल्या दोन पुढच्यांशी गप्पा मारायच्या आणि जो पटेल त्याच्या वाटेनं जायचं, अशी सगळी कल्पना.

ऐकायला झकास आहे. पण गोची अशी की जवळजवळ सगळे पुढचे खूश असतात. यात मशीनची काही लबाडी नाही. माणूसच असा असतो, जे पदरात पडतं त्याच्याशी जुळवून घेतो आणि चाळिशीत म्हणतो, झालं ते बरंच झालं. डॉक्टर झालेला पुढचा म्हणतो बरं झालं, आणि त्याच पोराचा हॉटेल चालवणारा पुढचाही म्हणतो बरं झालं. पोरं आणखीच गोंधळतात. आता तर स्थळं बघतानाही 'मुलाचा पुढचा दाखवता का' असं विचारायला लागलेत लोक. दिवसभर माणसांचं समाधान ऐकून ऐकून माझं डोकं उठतं.

तर अशाच एका दुपारी ताई आली. माझी सख्खी थोरली बहीण, मृणालताई. मागं तिची लेक वल्लरी. दाजी अर्थातच खाली, गाडीतला एसी लावून डोळे मिटून पडलेले.

"पम्या, आज पाचच्या आत कळवायचंय. नाहीतर दोन्ही जागा जातील," ताई पंख्याखाली बसत म्हणाली. "आणि तू तुझं ते मशीन सगळ्या गावाला दाखवतोस, भाचीला मात्र बोलवत नाहीस."

"अगं, बोलावलं होतं की. तूच म्हणालीस, आमचं ठरलंय."

"ठरलं होतंच. बंगळूर ठरलं होतं. आता हिनं तोंड पाडलंय. बोलत तर काही नाही."

वल्लरीला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक बंगळूरच्या नामवंत संस्थेत, कृत्रिम अवयव बनवण्याच्या अभ्यासक्रमाला. ताईनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. अर्ज तिनंच लिहून काढला होता, मुलाखतीची उत्तरं महिनाभर घोटून घेतली होती. दुसरी जागा नागपूरच्या एका कॉलेजात, भूजलशास्त्राला. तो अर्ज वल्लरीनं कधी केला हे घरात कुणाला माहीतही नव्हतं.

"चहा सांगू?" मी वल्लरीला विचारलं.

"तिला नको, पित्त होतं तिला," ताई म्हणाली.

वल्लरीनं उघडलेलं तोंड मिटलं.

ताईचं हे आजचं नाही. मी शाळेत गेलो त्या पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, बाळ नाव काय तुझं, तर मागून ताई म्हणाली, "प्रथमेश नाव आहे त्याचं, लाजतो तो." माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो, मुलीनं विचारलं तुमचे छंद काय, तर ताईनं सांगितलं, "वाचन." बायको आजही त्यावरून मला छळते. पण ताईच्या बोलण्यात वाईट काही नसतं. समोरचा अडलाय असं दिसलं की हिला राहवत नाही, एवढंच. स्वतःचं मात्र तिनं कधी कुणाला ठासून सांगितलं नाही. बारावीला जिल्ह्यात पहिली आली होती ती. लांबच्या मोठ्या संस्थेत जागा मिळत होती. आजीचं आजारपण होतं, मी लहान होतो, घरातले म्हणाले पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कुणी बघितलं नाही. इथंच बी.एस्सी. झाली, मग लग्न झालं. तेव्हा ती काय म्हणाली होती, मला आठवत नाही. बहुतेक काहीच म्हणाली नसावी.

"पालकांनी बाहेर बसायचं असतं," मी नियम सांगितला.

"मी कुठं काय बोलतेय? मी आपली कोपऱ्यात बसते." आणि ती कोपऱ्यात बसली. आमच्याकडं हा नियम कुणीच पाळत नाही. बाहेर बसवलेले पालक चप्पल बघायच्या निमित्तानं दोनदा आत येतात.

मी वल्लरीच्या पाटीतला नमुना मशीनला जोडला आणि आधी बंगळूरच्या वाटेवर सोडला. थोड्या वेळात पडद्यावर एक बाई आली. सुती साडी, केसांत दोनचार पांढऱ्या बटा, चेहरा तरतरीत.

"जेवलीस का गं?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं. "नसशील. या प्रवेशांच्या धावपळीत जेवणाची शुद्ध कुणाला असते!"

वल्लरी दचकली. कोपऱ्यातून ताई म्हणाली, "बाई गं, किती गोड!"

"हे बघ, मी काय म्हणते," पडद्यावरची सांगू लागली, "पहिलं वर्ष जड जातं. भाषा वेगळी, जेवण वेगळं. पण मी तिथल्या सगळ्या पोरींना गोळा केलं, कोण आजारी, कोण उपाशी, बघत राहिले. आता माझ्या हाताखाली मोठी तुकडी आहे. आम्ही मूत्रपिंड बनवतो. पेशंटला भीती वाटते ना, डॉक्टरला विचारायला जीभ उचलत नाही, तेव्हा मी त्यांच्या वतीनं विचारते. भांडते सुद्धा. गेल्या वर्षी एका परिषदेत मोठमोठे लोक बसले होते, मी उभी राहिले आणि म्हटलं, तुमचं हे चुकतंय."

"बघितलंस?" ताई खुर्ची पुढं ओढत म्हणाली. "एवढ्या लोकांत उभी राहिली. अगदी माझ्यावर गेलीय रे पम्या!"

मग मी तोच नमुना नागपूरच्या वाटेवर सोडला. या बाईचा चेहरा उन्हानं रापलेला होता, अंगात खिशांचा सदरा.

"जेवलीस का गं?" ती म्हणाली. "हे बघ, मी काय म्हणते..."

ती विहिरींबद्दल बोलली, खडकांच्या थरांबद्दल बोलली. गावातल्या बायकांना सभेत बोलता येत नाही म्हणून आपण त्यांच्या वतीनं कसं बोलतो, सरपंचाशी कसं भांडतो, तेही सांगितलं. मी ऐकत होतो आणि मला काहीतरी खटकत होतं. एकाच पोराचे दोन पुढचे इतके सारखे कधी निघत नाहीत. वाट माणसाला घासते. मागच्या आठवड्यातल्या एका पोराचा एक पुढचा टक्कल पडलेला, सारखा विनोद करणारा, आणि दुसरा मान वर करून बघत सुद्धा नव्हता. पोरगं तेच, पण वीस वर्षांत फरक पडतोच. वाट कशीही असली तरी जराही न बदलणारं माणूस म्हणजे ज्याचा स्वभाव आधीच पुरता घट्ट झालाय असं माणूस. अठराव्या वर्षी तसा कुणाचा असतो?

वल्लरी हळूच म्हणाली, "मामा."

"काय गं?"

"दोघींनी जेवायचं विचारलं. मी कधी कुणाला जेवलीस का विचारत नाही. माझ्या लक्षातच येत नाही."

"वय वाढल्यावर येतं लक्षात," ताई म्हणाली. "मी नव्हते का तुझ्याएवढी असताना—"

"ताई, एक मिनिट." मी पडदा थांबवला आणि पाटीच्या आवाजांची वाटणी उघडली. ती बघायची वेळ फारशी येत नाही. तिचा साधा नियम आहे. चेहरे साठवायला कायद्यानं बंदी, त्यामुळं पाटीला घरातली माणसं फक्त आवाजानं ओळखावी लागतात. पाटी मुलाचं नाव घेते, आणि त्या नावाला जो आवाज ओ देतो तो त्या मुलाचा असं धरते. पुढंही तेच. प्रश्न मुलाला, उत्तर ज्या आवाजात, तो आवाज मुलाचा. चारदोन वेळा दुसरं कुणी बोललं तर फरक पडत नाही, नेहमीचा आवाज कोणता हे पाटीला कळतं.

मी नववीतला पहिला दिवस लावला. पाटी म्हणाली, "नमस्कार. वल्लरी, तू इथं आहेस का?"

आणि खोलीत ताईचा आवाज घुमला. "आहे, आहे, इथंच आहे. बोल तू."

मग पुढचा महिना. "वल्लरी, आज कोणता विषय घेऊया?" ताई, "गणित घे. कच्चं आहे." त्याच्या पुढचा. "वल्लरी, आज दमल्यासारखी वाटतेस." ताई, "छे, दमायला काय झालंय!" दहावी, अकरावी, बारावी, मी जिथं बोट ठेवीन तिथं ताई. ती कुणाशी भांडत होती, कुणाला धीर देत होती, वाणसामान सांगत होती, शेजारणीच्या पोरीच्या मुलाखतीची तयारी करून घेत होती. वल्लरीचं लिहिलेलं सगळं, म्हणजे गणितं, उत्तरं, परीक्षा, सगळं तिचंच होतं. पण स्वभावाचा नमुना लिहिण्यावरून बांधत नाहीत, बोलण्यावरून बांधतात. गुण वल्लरीचे होते आणि स्वभाव ताईचा.

"मग माझा आवाज कुठंय?" वल्लरीनं विचारलं.

मी खाली सरकवत नेलं. होता एक बारीकसा आवाज. क्वचित कधी, बहुतेक घरात दुसरं कुणी नसताना. पाटीनं त्याला आपल्या पद्धतीनं नाव देऊन टाकलं होतं, 'पाहुणी'.

खालून भडंगाच्या फोडणीचा वास वर येत होता आणि मला उगाच शिंका यायला लागल्या.

"भंगार आहे तुझं मशीन," ताई म्हणाली. "आईचा आवाज कळत नाही, लेकीचा कळत नाही. लोकांकडून कसली फी घेतोस रे?"

"मशीननं जे ऐकलं तेच धरलं, ताई."

"म्हणजे मी पोरीला बोलू देत नाही, असंच ना? सरळ म्हण की. अरे, ती बोलतच नाही! पाहुण्यांसमोर गप्प, शाळेत गप्प. मी नाही बोलले तर लोक म्हणतील पोर मुकी आहे. मला हौस आहे का घसा कोरडा करायची?" तिचा आवाज चढला होता, आणि चढता चढता एकदम बसला. तिनं पडद्याकडं बघितलं. नागपूरवाली तिथं थांबलेली होती, हात अर्धवट उचललेला. "मग या दोघी... या कोण?"

सांगायला नको होतं असं वाटलं, पण ती माझ्याकडंच बघत होती.

"तू आहेस, ताई. अठराव्या वर्षी बाहेर पडली असतीस तर."

ताईनं पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. दाजींचा फोन आला. तिनं तो न बघताच बंद केला.

माझ्यापुढं धंद्याचा प्रश्न होता. 'पाहुणी'च्या जेवढ्या बोलण्याची नोंद आहे तेवढ्यावरून नवा नमुना बांधता आला असता, पण त्याला उद्याची दुपार उजाडली असती, आणि तोही लंगडाच झाला असता. घड्याळात चार वाजून गेले होते. मी वल्लरीला हे सगळं नीट सांगितलं. माझ्याकडं तिला दाखवायला काही नाही, हेही सांगितलं.

"मग मलाच विचार की," ती म्हणाली.

इतकी साधी गोष्ट, पण खरं सांगतो, या खोलीत हे मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. आणि मीही कुणाला सरळ विचारलं नव्हतं. मशीन होतं ना विचारायला.

"बरं. तुला कुठं जायचंय, वल्लू?"

"तिला ना—" ताईच्या तोंडून निघून गेलं. तिनं स्वतःच ओठ दाबले आणि उठून खिडकीकडं तोंड केलं.

वल्लरी बराच वेळ गप्प होती. मला पाच वेळा वाटलं की आपण काहीतरी सुचवावं. पंखा कुरकुरत होता. ताईच्या हातातली चेन उघडबंद होत होती. अवघडून गेलो होतो नुसते. पण मी धीर धरला, आणि खिडकीशी ताईनंही धरला. तिला ते किती जड जात होतं ते तिच्या पाठीवरून दिसत होतं.

"नागपूरच्या लोकांनी फोनवर मुलाखत घेतली," वल्लरी शेवटी म्हणाली. "आई त्या दिवशी मावशीआजीकडं कोल्हापूरला गेली होती. त्यांनी विचारलं, भूजलच का? मला पाठ केलेलं काही येत नव्हतं. मग मी आमच्या अपार्टमेंटच्या बोअरचं सांगितलं. ते पाणी मार्चपासून मचूळ होतं आणि दिवाळीला परत गोड होतं. शेजारच्या बोअरचं होत नाही. मी दोन्ही पाणी चाखून बघायचे, तारखा टाकायचे. त्या बाई विचारत गेल्या, मी सांगत गेले. खूप बोलले मी, मामा. मध्येच मला वाटलं, अरे, हे कोण बोलतंय? त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, तू ये, आपण बघू तुझं बोअर."

तिनं आईच्या पाठीकडं एकदा बघितलं.

"मला तिथंच आवडेल की नाही, माहीत नाही. उन्हाचा त्रास होतो मला. कदाचित चुकेलही. पण त्यांनी घेतलंय ते मला घेतलंय. बंगळूरनं कुणाला घेतलंय तेच मला कळत नाही."

ताई खिडकीशीच उभी होती. वल्लरीनं आपला फोन काढला, नागपूरला होकार कळवला आणि बंगळूरला नकार. तिनं माझ्याकडं बघितलं नाही की आईकडं बघितलं नाही.

"सोडलंस बंगळूर?" ताईनं पाठमोरीच विचारलं.

"हो."

मला वाटलं आता भडका उडणार. ताई वळली. डोळे लाल झालेले. ती वल्लरीच्या जवळ गेली, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, "उन्हात हिंडायचं म्हणजे टोपी लागेल. ती काठाची घे, साधी नको." मग लगेच जीभ चावून म्हणाली, "म्हणजे... तुला आवडेल ती घे."

वल्लरी हसली. आई उत्तरं पाठ करून घेत असताना पोरीच्या तोंडावर कधी न आलेलं असं हसू होतं ते. "आणि मामा, मला चहा चालतो हं. पित्त होतं, पण चालतो," ती म्हणाली, आणि दाराकडं वळली.

"थांब, दाजींना मी फोन करतो," मी म्हटलं.

"नको. बाबांना मी सांगते." आणि ती जिना उतरून गेली.

मी मशीन आवरायला घेतलं. नियमाप्रमाणं चुकीचा नमुना त्याच दिवशी पुसून टाकायचा असतो. ताई अजून तिथंच. मला वाटलं पर्समध्ये किल्ली शोधत असेल.

"पम्या."

"हं?"

"ती पुसून टाकणार का लगेच? ती बंगळूरवाली?"

"पुसावी लागते, ताई."

"आता पुसशील की संध्याकाळी?"

मी नुसती पंख्याखालची खुर्ची पडद्यासमोर सरकवून दिली. ताई बसली, पदर सारखा केला, जसं काही कुणी तिला बघायलाच येणार होतं. मी बंगळूरची वाट परत सुरू केली आणि दाराजवळ जाऊन उभा राहिलो.

पडद्यावर ती तरतरीत बाई आली. परिषदेत उभी राहणारी, पेशंटसाठी भांडणारी, अठराव्या वर्षी सांगलीतून निघून गेलेली. तिनं ताईकडं बघितलं, म्हणजे तसं वाटलं, आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

ताईला हे आजवर कुणी विचारलं असेल का, मला माहीत नाही. मी तरी कधी विचारलं नव्हतं.

"नाही गं," ताई म्हणाली. "सकाळपासून काहीच खाल्लं नाही."